सर्व्हरसाठी डेटा सेंटरची निवड

संस्थेचे दप्तर म्हणजे लोखंडी कपाट आणि कपाटाची किल्ली सचिवांच्या खिशात, अशी व्यवस्था आपल्याकडे अनेक वर्षे होती. आता नागरी सहकारी बँकेची खाती, दूध संघाचे दररोजचे संकलन, साखर कारखान्याकडील उसाच्या नोंदी, रुग्णालयातील रुग्णांचे कागद आणि महाविद्यालयांची गुणपत्रके ही सर्व सर्व्हर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकांत साठविली जातात. बहुतेक ठिकाणी हा सर्व्हर प्रारंभी संस्थेच्या कार्यालयातच, लेखा विभागालगतच्या एखाद्या खोलीत ठेवलेला असतो. खोलीत एक वातानुकूलन यंत्र असते, एक यूपीएस असतो आणि दारावर ‘प्रवेश बंद’ अशी पाटी असते. कामाचा व्याप वाढला, शाखा वाढल्या, म्हणजे ही खोली अपुरी पडू लागते. रविवारी वातानुकूलन यंत्र बंद पडले, तर ते सोमवारी सकाळी कळते. अशा वेळी सर्व्हर बाहेरच्या डेटा सेंटरमध्ये हलविण्याचा प्रस्ताव संचालक मंडळापुढे येतो आणि तीन-चार कंपन्यांची दरपत्रके समोर ठेवून निर्णय घ्यावा लागतो. दरपत्रकांत जागा, वीज आणि मासिक भाडे यांचे आकडे असतात. ज्या गोष्टींवर संस्थेचे बरेवाईट अवलंबून असते, त्या मात्र बहुधा दरपत्रकात नसतात.

शासकीय खात्यांच्या सर्व्हरांची सोय मुख्यत्वे राज्य डेटा सेंटरमार्फत होते. सहकारी संस्था, शिक्षण संस्था, विश्वस्त संस्था आणि लहानमोठे कारखाने यांना मात्र ही निवड स्वतःच करावी लागते. अशा संस्थांवर काम करणाऱ्या किंवा त्यांची तपासणी करणाऱ्या व्यक्तींनी या विषयाची निदान मूलभूत माहिती करून घेणे अगत्याचे झाले आहे.

वखार आणि डेटा सेंटर

या व्यवस्थेला ‘को-लोकेशन’ असे म्हणतात. हिच्यात सर्व्हर हे यंत्र संस्थेच्याच मालकीचे राहते. इमारत, वीज, थंडावा, पहारा आणि बाहेरून येणाऱ्या तारांची सोय डेटा सेंटर चालविणारी कंपनी पुरविते. ‘क्लाउड’ या नावाने मिळणाऱ्या सेवेत यंत्रही कंपनीचेच असते आणि संस्था केवळ त्याचा वापर भाड्याने घेते. हा भेद प्रथम स्पष्ट असावयास हवा, कारण बिघाड झाल्यावर कोणी काय करावयाचे हे त्यावरून ठरते.

को-लोकेशनची तुलना वखारीशी करण्याचा मोह होतो. ही तुलना काही अंशी योग्यही आहे. परंतु वखारीत धान्य ठेवले म्हणजे वखारवाला ते मोजून घेतो, त्याची प्रत पाहतो आणि पावती देतो. त्या पावतीवर शेतकऱ्याला कर्जही मिळू शकते. डेटा सेंटर आपल्या ताब्यातील सर्व्हरमध्ये काय आहे हे पाहत नाही आणि त्याने ते पाहूही नये. त्यातील माहितीची पावती ते देत नाही. विजेचा पुरवठा अखंड राहील, हवेचे तापमान ठरल्याप्रमाणे राहील आणि अनधिकृत माणूस आत येणार नाही, एवढीच त्याची हमी असते. ही हमी सर्व्हरच्या विजेच्या प्लगपाशी संपते. प्लगच्या पलीकडे, म्हणजे सर्व्हरमधील खातेवहीचे काय होते, ही जबाबदारी सर्वस्वी संस्थेची राहते. अनेक संचालक मंडळांची अशी समजूत असते की, मोठ्या कंपनीच्या इमारतीत यंत्र ठेवले म्हणजे माहिती सुरक्षित झाली. ही समजूत किती महाग पडू शकते, हे दक्षिण कोरियातील एका घटनेवरून दिसून येते.

एकच इमारत, दोन भाडेकरू

सेऊल शहरानजीक पांग्यो येथे ‘एसके सी अँड सी’ या कंपनीचे डेटा सेंटर होते. १५ ऑक्टोबर २०२२ रोजी दुपारी तेथील बॅटरींच्या खोलीत आग लागली. बॅटरी लिथियम-आयन प्रकारच्या होत्या. अशा बॅटरीच्या आत निर्माण होणारी उष्णता केवळ वायू सोडून शमत नाही, ती पाण्याने थंड करावी लागते. पाण्याचा मारा करावयाचा म्हणून संपूर्ण इमारतीचा वीजपुरवठा तोडण्यात आला. आग सर्व्हरांच्या दालनापर्यंत पोहोचलीच पाहिजे असे नव्हते. वीज गेली, त्याबरोबर सर्व यंत्रे थांबली.

या इमारतीत ‘काकाओ’ आणि ‘नेव्हर’ या दोन मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर होते. काकाओचे सुमारे ३२ हजार सर्व्हर तेथे होते. तिची संदेशसेवा त्या देशात घरोघरी वापरली जाते, आणि टॅक्सी बोलाविणे व पैसे पाठविणे ही कामेही तिच्याच आधाराने चालतात. ही सर्व व्यवस्था कोलमडली आणि ती पूर्णपणे पूर्ववत होण्यास १२७ तासांहून अधिक काळ लागला. कंपनीच्या दोन प्रमुखांपैकी एकाने पदाचा राजीनामा दिला. नेव्हरच्याही काही सेवांना फटका बसला, परंतु त्या कंपनीचे स्वतःचे दुसरे केंद्र चुन्चॉन येथे चालू असल्यामुळे तिच्या प्रमुख सेवा लवकर सावरल्या.

इमारत तीच, आग तीच आणि वीज तोडण्याची वेळही तीच होती. फरक भाडेकरूंच्या पूर्वतयारीत होता. काकाओने माहितीच्या दुसऱ्या प्रती ठेवल्या नव्हत्या असे नाही. परंतु पहिल्या केंद्राचे काम दुसऱ्या केंद्राकडे वळविण्यासाठी लागणारी साधने त्याच इमारतीत होती, असे चौकशीत आढळून आले. दुसऱ्या घराची किल्ली जळत्या घरात राहावी, तसाच हा प्रकार होता.

त्याच देशात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन येथील शासकीय माहिती केंद्रात बॅटरी हलविण्याचे काम चालू असता आग लागली आणि सहाशेहून अधिक शासकीय संगणक-व्यवस्था बंद पडल्या. हे केंद्र भाड्याचे नव्हते, शासनाचे स्वतःचेच होते. शासकीय कर्मचारी आपल्या कामाच्या फायली ज्या सामायिक साठ्यात ठेवीत, तो ८५८ टेराबाइटचा साठा जळून गेला. तो फार मोठा असल्याने त्याची प्रत बाहेर ठेवलेली नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर समजल्या जाणाऱ्या देशात हे घडले, ही गोष्ट आपल्याकडील अधिकाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी.

तात्पर्य, ‘कोणते केंद्र चांगले?’ या प्रश्नाआधी ‘हे केंद्र आठवडाभर बंद राहिले तर संस्थेचे काम कोठून चालेल?’ या प्रश्नाचे उत्तर लेखी तयार असले पाहिजे. हे उत्तर नसेल, तर निविदा काढण्याची घाई करू नये.

विजेची साखळी

डेटा सेंटरचा खरा व्यवसाय वीज विकण्याचा आहे, असे म्हटले तरी चालेल. विजेची साखळी वितरण कंपनीच्या उपकेंद्रापासून सुरू होते. पुढे इमारतीचे रोहित्र, डिझेलवर चालणारी जनित्रे, यूपीएस व त्याच्या बॅटरी, वितरण फलक आणि शेवटी सर्व्हरच्या कपाटातील, म्हणजे रॅकमधील, सॉकेट असे तिचे दुवे असतात. बाहेरची वीज गेली म्हणजे जनित्र सुरू होऊन स्थिरावेपर्यंतचा काळ बॅटरी भरून काढतात. बॅटरी थोडा वेळच भार पेलू शकतात, त्यामुळे सर्व भिस्त जनित्र वेळेवर सुरू होण्यावर असते.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला. उपनगरी गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि काही भागांत पुरवठा पूर्ववत होण्यास बरेच तास लागले. मुंबईची वीज जात नाही, ही कल्पना त्या दिवशी मोडली. म्हणून कंपनीकडे किती जनित्रे आहेत एवढे विचारून भागत नाही. चार जनित्रांची गरज असेल, तर पाचवे राखीव आहे काय? पूर्ण भार टाकून जनित्रांची शेवटची चाचणी कोणत्या तारखेस झाली आणि त्या चाचणीची नोंदवही पाहावयास मिळेल काय? बॅटरी कधी बदलल्या? हे प्रश्न विचारावेत. नोंदवही दाखविण्यास खळखळ करणाऱ्या कंपनीविषयी मत बनविण्यास तेवढे कारणही पुरेसे आहे.

डिझेलचा प्रश्न याहून नाजूक आहे. टाकीत किती तास पुरेल एवढे इंधन आहे, हे सर्व कंपन्या सांगतात. टाकी कोठे आहे आणि इंधन वर कसे चढते, हे क्वचितच कोणी विचारते. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी ‘सँडी’ हे वादळ न्यूयॉर्क शहरावर आले. ब्रॉड स्ट्रीटवरील ७५ क्रमांकाच्या इमारतीत ‘पीअर वन’ या कंपनीचे डेटा सेंटर उंच मजल्यावर होते व जनित्रही वरच होते. इंधन वर चढविणारी व्यवस्था मात्र तळघरात होती आणि तळघरात समुद्राचे पाणी शिरले. जनित्र शाबूत होते, पण त्याला डिझेल मिळेना. अखेर कंपनीचे कर्मचारी आणि तेथे सर्व्हर ठेवणाऱ्या ग्राहकांची माणसे जिन्यावर साखळी करून सतरा मजले बादल्यांनी डिझेल वाहून नेत राहिली. त्यांनी केंद्र चालू ठेवले, याचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. परंतु ग्राहकाने आपल्या माणसांच्या बादल्यांवर विसंबून करार करावयाचा नसतो.

कोकण किनाऱ्यावरील शहरांना हा धडा परका नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा वेळी टँकर रस्त्याने येईल, हे गृहीत धरता येत नाही. तेव्हा जनित्र, इंधनाचे पंप आणि विजेचे फलक जमिनीपासून किती उंचीवर आहेत, हे समितीने स्वतः जाऊन पाहावे.

विजेच्या संदर्भात एक चूक ग्राहकाकडूनही होते. चांगल्या केंद्रात प्रत्येक रॅकला दोन स्वतंत्र वाहिन्यांतून वीज दिली जाते. एक बंद पडली तर दुसरीवर काम चालावे, हा हेतू असतो. समजा, प्रत्येक वाहिनीची क्षमता ४ किलोवॉट आहे आणि संस्थेचे सर्व्हर मिळून ५ किलोवॉट वीज घेतात. नेहमीच्या दिवशी प्रत्येक वाहिनीवर अडीच किलोवॉटचा भार पडतो आणि सर्व काही सुरळीत दिसते. ज्या दिवशी एक वाहिनी बंद पडेल, त्या दिवशी दुसरीवर एकदम ५ किलोवॉटचा भार येईल आणि तीही खटका पडून बंद होईल. दोन वाहिन्यांचे पैसे भरूनही उपयोग शून्य. दोन्ही वाहिन्यांवरील एकूण भार एका वाहिनीला निश्चितपणे पेलता आला पाहिजे, हा नियम संस्थेच्या संगणक विभागाने भिंतीवर लावून ठेवावा. तसेच ज्या जुन्या सर्व्हरला विजेचे एकच तोंड असते, त्याला दुसऱ्या वाहिनीचा लाभ मिळत नाही. हे यंत्र हलविण्यापूर्वी तपासले पाहिजे.

भाड्याचा हिशेब

रॅक म्हणजे सुमारे दोन मीटर उंचीचे कपाट. त्यातील जागा ‘यू’ या मापाने मोजतात. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, आणि प्रचलित रॅक ४२ यूंचा असतो. परंतु भाडे मुख्यतः जागेवर ठरत नाही, ते विजेवर ठरते. काही कंपन्या किलोवॉटचा ठरावीक कोटा देऊन त्याचे पैसे आगाऊ घेतात, मग वीज वापरली जावो अथवा न जावो. काही मीटरप्रमाणे आकारणी करतात. सर्व्हरच्या पट्टीवर छापलेली कमाल क्षमता आणि त्याचा प्रत्यक्ष वापर यांत पुष्कळ अंतर असते. म्हणून जुन्या खोलीतच मीटर लावून महिनाभर प्रत्यक्ष वापर मोजावा आणि मगच मागणी नोंदवावी.

थंडावा राखण्यास लागणारी वीजही अखेर ग्राहकच भरतो. केंद्राला लागणारी एकूण वीज आणि त्यांपैकी केवळ संगणकांना लागणारी वीज यांच्या गुणोत्तरास पीयूई म्हणतात. ४ किलोवॉटचे सर्व्हर अहोरात्र चालल्यास तीस दिवसांत २,८८० युनिट वीज घेतात. केंद्राचा पीयूई १.५ असेल आणि करारात तो लावला असेल, तर बिल ४,३२० युनिटांचे येते. दोन दरपत्रकांतील प्रतियुनिट दर सारखाच असूनही मासिक खर्चात एवढी तफावत पडू शकते. पीयूईचा आकडा वर्षाच्या सरासरीचा आहे की थंडीतील एखाद्या चांगल्या महिन्याचा, हेही विचारून घ्यावे.

थंडाव्याबाबत अधिक सांगण्यासारखे थोडे आहे. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा १८ ते २७ अंश सेल्सिअस असावी, अशी या क्षेत्रातील सर्वमान्य शिफारस आहे. १९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमध्ये तापमान ४० अंशांच्या वर गेले, त्या दिवशी लंडनमधील गूगल आणि ओरॅकल या कंपन्यांच्या केंद्रांतील शीतव्यवस्था कोलमडली. विदर्भ-मराठवाड्यातील मे महिना ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी केंद्राची शीतव्यवस्था बाहेरच्या किती तापमानापर्यंत काम करते, हा आकडा लेखी मागावा.

प्रमाणपत्रांचे वाचन

दरपत्रकासोबत ‘टियर थ्री’ किंवा ‘टियर फोर’ असे शब्द येतात. ही श्रेणी अमेरिकेतील अपटाइम इन्स्टिट्यूट या संस्थेने रूढ केली. तिसऱ्या श्रेणीच्या केंद्रात कोणताही एक भाग दुरुस्तीसाठी बाजूला काढला, तरी संगणक बंद करावे लागत नाहीत. चौथ्या श्रेणीत अचानक उद्भवलेला एखादा बिघाडही काम न थांबता पेलता येतो. यातील मेख अशी की, ही संस्था आराखड्याला एक प्रमाणपत्र देते आणि बांधून पूर्ण झालेल्या केंद्राला दुसरे. आराखड्यावरील प्रमाणपत्र दाखवून केंद्रच प्रमाणित असल्याचे भासविले जाऊ शकते. नकाशा मंजूर झाला म्हणजे शाळेची इमारत उभी राहिली असे होत नाही, हे पंचायत सदस्यांना वेगळे सांगावयास नको. शिवाय एखादी कंपनी कोणाचेही प्रमाणपत्र न घेता आपले केंद्र ‘तिसऱ्या श्रेणीसारखे’ आहे असे लिहिते. प्रमाणित केंद्रांची यादी त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येते. माहितीच्या सुरक्षिततेविषयीच्या आयएसओ २७००१ या प्रमाणपत्रावरही कोणत्या पत्त्यासाठी आणि कोणत्या कामासाठी ते दिले आहे, हे लिहिलेले असते. तो मजकूर वाचावा.

याहूनही अधिक बोध प्रत्यक्ष भेटीतून होतो. समितीने दुपारी चहापानाच्या वेळी न जाता शक्य तर रात्रपाळीच्या वेळी जावे. सर्व्हरांच्या दालनात रिकाम्या खोक्यांचा ढीग असेल, तारांना चिठ्ठ्या नसतील, किंवा दारावरील पहारेकरी ओळखपत्र न पाहता आत सोडीत असेल, तर चकचकीत माहितीपत्रकाची किंमत तेवढ्यावरून कळते. मध्यरात्री कामावर असलेल्या तंत्रज्ञाला, एक यूपीएस बंद पडल्यास तो प्रथम काय करतो, एवढाच प्रश्न विचारावा.

आग, तारा आणि अंतर

फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे १० मार्च २०२१ च्या मध्यरात्रीनंतर ‘ओव्हीएच’ या कंपनीच्या केंद्राला आग लागली. पाच मजल्यांची एक इमारत पूर्णपणे नष्ट झाली आणि शेजारच्या इमारतीचेही नुकसान झाले. कोणास इजा झाली नाही. तेथे आग आपोआप विझविणारी यंत्रणा नव्हती आणि संपूर्ण इमारतीचा वीजपुरवठा एकदम तोडण्याची सोयही नव्हती, असे अग्निशमन विभागाच्या अहवालात नमूद झाले. ज्या ग्राहकांनी दुसरी प्रत ठेवण्याच्या सेवेचे पैसे भरले होते, त्यांच्यापैकी काहींना असे कळले की, ती प्रतही मूळ सर्व्हरच्याच इमारतीत होती आणि त्याच्याबरोबरच जळाली. अशा एका ग्राहकाने दावा केला आणि २०२३ मध्ये लील येथील वाणिज्य न्यायालयाने त्यास भरपाई मंजूर केली. पैसे मिळाले, माहिती मिळाली नाही.

म्हणून दुसरी प्रत कोठे राहील, हे करारात पत्त्यासह लिहून घ्यावे. बॅटरी सर्व्हरांपासून वेगळ्या, आगीस तोंड देऊ शकणाऱ्या भिंतींच्या खोलीत आहेत काय, हेही पाहावे.

महाराष्ट्रात डेटा सेंटरांची सर्वांत मोठी वस्ती ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात, म्हणजे ऐरोली, रबाळे, महापे या भागांत झाली आहे. पवई-चांदिवली आणि पनवेल येथेही मोठी केंद्रे आहेत. परदेशांशी जोडणाऱ्या समुद्राखालील केबल मुंबईच्या किनाऱ्यावर येतात आणि बँका व वित्तसंस्थांची मुख्य कार्यालयेही तेथेच आहेत, त्यामुळे हे स्वाभाविक आहे. मात्र पहिला सर्व्हर ऐरोलीस आणि दुसरी प्रत महाप्यास ठेवणे म्हणजे दोन अंडी एकाच टोपलीच्या दोन कोपऱ्यांत ठेवणे होय. तोच पाऊस, तीच वीजवाहिनी, तोच रस्ता. दुसरी प्रत पुणे, नागपूर किंवा हैदराबाद येथे ठेवल्यास अंतरामुळे कामास फारसा विलंब होत नाही. काचतंतूतून प्रकाश एका सेकंदाच्या हजाराव्या भागात सुमारे २०० किलोमीटर जातो.

तारांबाबतही तसेच आहे. दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या केबल घेतल्या म्हणजे निर्धास्त झालो, असे वाटते. प्रत्यक्षात त्या दोन्ही एकाच चरातून इमारतीत येत असतील, तर जलवाहिनीसाठी खोदणारे एकच यंत्र त्या दोन्ही तोडते. रस्ताखोदाई हा आपल्या नगरांचा नित्यक्रम असल्याने केबल इमारतीत कोणत्या दोन बाजूंनी शिरतात, हे नकाशावर दाखविण्यास सांगावे. अनेक दूरसंचार कंपन्यांना मुक्त प्रवेश असलेले केंद्र पसंत करावे, कारण एकाच कंपनीशी बांधील असलेल्या केंद्रात पुढे दराची घासाघीस करता येत नाही. इमारतीच्या आत एका कपाटातून दुसऱ्या कपाटापर्यंत तार ओढण्याचेही मासिक भाडे आकारले जाते. ही बाब बहुधा पहिले बिल आल्यावर लक्षात येते.

कोल्हापूर किंवा लातूरच्या संस्थेने नवी मुंबईत सर्व्हर ठेवला, तर रात्री दोन वाजता बिघडलेली डिस्क बदलण्यास कोण जाणार, हा साधा प्रश्न आहे. केंद्राचे तंत्रज्ञ असे काम तासावर पैसे घेऊन करतात. त्याचा दर, रात्रीचा व सुटीचा दर, आणि बोलावल्यावर किती मिनिटांत काम हाती घेतले जाईल, हे अगोदर ठरवावे.

करारनाम्यातील बारीक अक्षरे

हमीचे आकडे मोहक असतात. तीस दिवसांच्या महिन्यात ४३,२०० मिनिटे असतात. ९९.९ टक्के हमी म्हणजे महिन्याला ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा, आणि ९९.९९ टक्के म्हणजे सुमारे सव्वाचार मिनिटांची. परंतु पूर्वसूचना देऊन केलेली दुरुस्ती या हिशेबातून वगळलेली असते. हमी मोडली तर मिळते ती पुढील बिलातील सूट. सर्व शाखा दिवसभर बंद राहून बँकेचे जे नुकसान होते, त्याच्याशी या सुटीचा संबंध नसतो. नुकसानभरपाईची कमाल मर्यादा सहसा काही महिन्यांच्या भाड्याइतकी असते. कंपनीचा विमा तिच्या इमारतीचा असतो, ग्राहकाच्या सर्व्हरचा असेलच असे नाही, म्हणून सर्व्हरचा विमा संस्थेने स्वतंत्र उतरवावा. भाडे थकल्यास सर्व्हर अडवून ठेवण्याचा हक्क कंपनीला देणारे कलम असल्यास ते वकिलाकडून तपासून घ्यावे. देयकाच्या वादापायी ठेवीदारांच्या खात्यांवर कुलूप पडता कामा नये.

कायद्यानेही जबाबदारी संस्थेवरच ठेवली आहे. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याखालील नियम अधिसूचित झाले आणि त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने होत आहे. माहिती दुसऱ्याकडून हाताळून घेतली तरी तिच्या रक्षणाचे दायित्व मूळ संस्थेचेच राहते, आणि वाजवी सुरक्षाव्यवस्था न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, असे हा अधिनियम सांगतो. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक-सुरक्षेस बाध आणणारी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. घटना डेटा सेंटरला रात्री कळली आणि संस्थेला दुसऱ्या दिवशी दुपारी, तर हे सहा तास कसे पाळणार? म्हणून तत्काळ कळविण्याचे बंधन करारात हवे. कंपनी कायद्याखालील कंपन्यांना ऑगस्ट २०२२ च्या नियमदुरुस्तीनुसार हिशेबाच्या पुस्तकांची प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवावी लागते. मोठ्या नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँकेचे बाह्यसेवाविषयक निर्देश लागू आहेत. त्यांनुसार सेवा देणाऱ्याकडील नोंदींची तपासणी करण्याचा बँकेचा आणि रिझर्व्ह बँकेचा अधिकार करारात राखून ठेवावा लागतो.

बाहेर पडण्याची वाट

निविदा समित्या आत जाण्याच्या अटींवर तासन्तास चर्चा करतात आणि बाहेर पडण्याचे कलम न वाचताच सही करतात. वास्तविक कधी ना कधी केंद्र बदलावे लागतेच. मुदतीपूर्वी करार मोडल्यास उरलेल्या काळाचे भाडे द्यावे लागेल काय, नोटीस किती महिन्यांची, दरवर्षीची भाडेवाढ किती टक्क्यांवर थांबेल, आणि जुन्या व नव्या जागी एकाच वेळी यंत्रे चालू ठेवण्याच्या काळात जुन्या दराने मुदतवाढ मिळेल काय, या चार गोष्टी सहीपूर्वी ठरवाव्यात. कंपनीची मालकी बदलली तर करार तसाच पुढे चालेल की संस्थेस त्यातून मोकळे होता येईल, हेही लिहून घ्यावे, कारण या व्यवसायात खरेदी-विक्री नित्य होत असते.

आत जाणाऱ्या प्रत्येक यंत्राची अनुक्रमांकासह नोंद संस्थेच्या जडसंग्रह नोंदवहीत करावी आणि त्याच यादीवर केंद्राच्या गेटवरील अधिकाऱ्याची सही घ्यावी. यंत्र परत आणताना ‘हे तुमचेच कशावरून?’ असा प्रश्न येतो, तेव्हा ही यादी उपयोगी पडते. बिघडलेली डिस्क केंद्राच्या तंत्रज्ञाने काढली, तर ती भंगारात न टाकता संस्थेस परत करावी, किंवा संस्थेच्या प्रतिनिधीसमक्ष नष्ट करून तसे प्रमाणपत्र द्यावे, अशी अट घालावी. त्या डिस्कवर सभासदांची खाती असतात.

करार झाल्यावर वर्षातून एकदा, कामाचा भार कमी असलेल्या एखाद्या रविवारी, मुख्य केंद्रातील सर्व्हर हेतुपुरस्सर बंद करून दुसऱ्या प्रतीवरून एका शाखेचे व्यवहार चालवून पाहावेत. त्यास किती वेळ लागला, कोणता परवलीचा शब्द कोणालाच आठवला नाही, कोणत्या अधिकाऱ्याचा दूरध्वनी लागला नाही, याची टिपणी तयार करून ती संचालक मंडळाच्या पुढील सभेत विषयपत्रिकेवर ठेवावी.